भागाबाईंचं भिंतीतलं कपाट

भागाबाई तोताराम शिंपी धरणगावच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण होत्या. १९३१ साली, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, त्यांनी भाड्याच्या घरात झोपायच्या खोलीला भिंतभर सागवानी कपाट करून घेतलं. भाड्याच्या घरात पदरच्या पैशानं कोणी खुंटीसुद्धा ठोकत नाही. त्यामुळे गावात या कपाटाची चर्चा बरीच झाली. बाईंना कोणी वेडं म्हटलं, कोणी श्रीमंत म्हटलं. त्या दोन्ही नव्हत्या.

त्यांचे वडील तोताराम नशिराबादला शिवणकाम करायचे. भागाचं लग्न अकराव्या वर्षी धुळ्याच्या एका घरात झालं. सोळाव्या वर्षी नवऱ्यानं दुसरी केली आणि भागाला माहेरी पाठवून दिलं. अंगावरच्या लुगड्यानिशी ती आली. पुढे वर्षभरानं तोताराम काही कामानं धुळ्याला गेले, तेव्हा लेकीसाठी स्वतः शिवलेली चोळी त्यांना दुसरीच्या अंगावर दिसली. घरी येऊन त्यांनी एवढंच सांगितलं, "भागा, तू शीक." ती शिकली. सातवीची व्हर्नाक्युलर फायनल परीक्षा पास झाली, पुण्याला ट्रेनिंगला दोन वर्षं राहून आली आणि १९११ पासून नोकरीला लागली. खात्यानं जिथे पाठवलं तिथे गेली. सोळा वर्षांत सहा गावं झाली. लोकांच्या पडव्यांत आणि माळवदांवर बिऱ्हाडं केली. एका गावी उंदरांनी तिची चार लुगडी खाल्ली, दुसऱ्या गावी पावसानं पुस्तकं गेली. १९२७ मध्ये धरणगावला बदली झाली तेव्हा तिला सगळे 'बाई' म्हणू लागले होते.

धरणगावात त्यांनी धनसिंगआबांच्या घराचा मागचा भाग भाड्यानं घेतला. एक खोली, एक स्वयंपाकाची जागा आणि मागे छोटं अंगण. आबा राजपुतांतले, कपाशीची शेती असलेले, साठीचे गृहस्थ होते. पुढच्या भागात ते, त्यांची बायको आणि मुलगा लोटन राहायचे.

चार वर्षं तिथे काढल्यावर भागाबाईंनी नासीर मिस्त्रींना बोलावलं. मिस्त्री गावातलेच, भिंतीतल्या कामात हात बसलेले. त्यांनी खोली पाहिली, भिंत ठोकून पाहिली, दोरीनं माप घेतलं.

"दहा फूट भिंत आहे, बाई. दारांच्या तीन जोड्या बसतील. भिंत दोन फूट जाड आहे, नऊ इंच आत कोरू, बाकीचं बाहेर काढू. साग चोपड्याच्या वखारीतून आणावा लागेल. लाकडाचे पासष्ट, माझे नि करवतवाल्यांचे मिळून चाळीस, बिजागऱ्या, कड्या, कुलपं यांचे पंधरा. एकशेवीस धरून चाला."

भागाबाईंना तेव्हा पस्तीस रुपये पगार होता. "आंब्याच्या लाकडाचं केलं तर?"

"निम्म्यात होईल. पण मग ते तुमचं आणि वाळवीचं, दोघींचं मिळून राहील."

"सागाचंच करा."

मिस्त्री उठले नाहीत. म्हणाले, "पैसे मिळतायत म्हणून मी गप्प बसावं खरं तर. पण सांगतो. खाट असती तर बैलगाडीत टाकून नेली असती. हे नेता येणार नाही. त्या चौकटी दुसऱ्या कुठल्या भिंतीत बसायच्या नाहीत. उद्या बदली झाली तर काय कराल?"

"ते उद्या बघू," भागाबाई म्हणाल्या.

मालकाची परवानगी घ्यायला त्या पुढच्या ओट्यावर गेल्या. धनसिंगआबा सुपारी कातरत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"कर ना बहीण. मना काय जास? पण एक सांगस. भितमा गये ते भितनं."

म्हणजे भिंतीत गेलं ते भिंतीचं, घर सोडताना मागायचं नाही. भागाबाईंनी ते कबूल केलं. लिहून दिलं-घेतलं काही नाही.

भिंत कोरायला सुरुवात केल्यावर तिसऱ्या दिवशी मिस्त्री घाम पुसत शाळेतच आले. भिंतीत एक जुनं दार निघालं होतं. कधी काळी कोणी तरी ते विटा-मातीनं बुजवून टाकलं होतं आणि त्याच्या वरची तुळई आतून वाळवीनं पोखरलेली होती. नुसतं बोट लावलं तरी भुसा पडत होता. वरचा सगळा भार त्याच तुळईवर होता. नवी तुळई घातल्याशिवाय पुढे काम करता येत नव्हतं, आणि तिला मजुरीसकट अठ्ठावीस रुपये लागणार होते.

तुळई घराची, म्हणून भागाबाईंनी आबांना विचारून पाहिलं. आबा म्हणाले, "घर मनं शे, हाई खरं. पण भित उकरी कोनी?" तुळईचे पैसे भागाबाईंनीच द्यायचं कबूल केलं. खर्च एकशेअठ्ठेचाळीसवर गेला. भागाबाईंजवळ पोस्टात एकशेतीस होते.

उरलेल्या अठरा रुपयांसाठी त्यांनी वडिलांचं हातानं फिरवायचं शिवणाचं मशीन नशिराबादहून मागवलं आणि शाळा सुटल्यावर आळीतल्या बायकांची पोलकी शिवायला घेतली. एका पोलक्याला चार आणे. अशी बहात्तर पोलकी शिवावी लागली. मशीन खोलीतच ठेवलेलं, त्यामुळे बायका माप द्यायला खोलीतच यायच्या आणि समोर मिस्त्रींचं काम चाललेलं बघायच्या.

काम दोन महिने चाललं. मिस्त्रींनी पाठीच्या फळ्यांना डांबर लावलं आणि भिंतीपासून दोन बोटं जागा सोडली. हवा खेळती राहिली की ओल धरत नाही, असं ते म्हणाले. वरती जवसाच्या तेलाचा हात दिला. कपाटाचे तीन खण झाले. एका खणात भागाबाईंची लुगडी आणि चोळ्या राहिल्या, दुसऱ्यात पुस्तकं आणि शिवणाचं सामान. तिसऱ्यात ठेवायला त्यांच्याजवळ काही उरलं नाही. तो रिकामा राहिला.

त्यात पहिलं गाठोडं ठेवलं ते बेबाबाईनं. तिचा नवरा वना जिनात, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कपाशीच्या गाड्या हाकायचा, ती स्वतः हंगामात जिनात सरकी वेचायला जायची. पोलकं न्यायला आली तेव्हा तिनं पदराखालून एक पुडकं काढलं. त्यात आईनं दिलेले चांदीचे वाळे आणि पाच रुपये होते.

"बाई, तुम्हनाकडे कुलूप शे. ठेवशात?"

भागाबाईंनी ठेवलं. महिन्याभरात आणखी दोघी आल्या. मिस्त्रींची विधवा भावजय नूरबी निकाहाचा कागद आणि मेहेरातून उरलेलं एक कानातलं घेऊन आली. ठगूअक्का नावाची सत्तरीची म्हातारी एक कोरं लुगडं घेऊन आली. ते तिला मेल्यावर नेसवायला हवं होतं. घरी ठेवलं तर सुना नेसून टाकतील, अशी तिला भीती होती. पुढे एकीनं फक्त एक तसबीर आणून ठेवली, तीही कागदात गुंडाळलेली. भागाबाईंनी कोणाला काही विचारलं नाही. त्यांनी मांजरपाटाच्या एकसारख्या पिशव्या शिवल्या आणि बायकांना वाचता येत नव्हतं म्हणून प्रत्येकीच्या पिशवीवर निराळ्या रंगाच्या दोऱ्यानं टीप घातली. तीन वर्षांत तिसऱ्या खणात अकरा पिशव्या झाल्या.

१९३४ च्या चैत्रात एका बाजाराच्या दिवशी सकाळी वना आला. त्याला कोणी तरी सांगितलं होतं. तो सरळ मागच्या अंगणात शिरला.

"बाई, मनी बायकोनं गाठोडं माले द्या."

"तिला घेऊन या," भागाबाई म्हणाल्या. "तिनं सांगितलं की आत्ता देते."

"तिले कसाले? बायको मनी शे. तिनं जे काही शे ते मनंच शे."

"ठेवलं तिनं आहे. मी तिलाच देणार."

वनाचा आवाज चढला. शेजारच्या भिंतींवरून डोकी दिसू लागली. तो खोलीच्या उंबऱ्यापर्यंत आला आणि कपाट फोडीन म्हणाला. तेवढ्यात आवाज ऐकून धनसिंगआबा पुढून आले, हातात काठी घेऊन. त्यांना भागाबाईंच्या या पिशव्यांबद्दल तोवर काहीच माहीत नव्हतं. त्यांनी दोघांचं ऐकलं आणि वनाला म्हणाले,

"कपाट मन्या भितमा शे. मनी भित फोडशी का तू?"

वना थांबला. बायकोशी भांडणं वेगळं आणि आबांच्या भिंतीला हात लावणं वेगळं. तो गेला आणि अर्ध्या तासानं बेबाबाईला घेऊन आला. ती अंगणात उभी राहिली. तोवर आळीतल्या वीसेक बाया-माणसं जमली होती.

भागाबाईंनी विचारलं, "बेबा, देऊ का?"

बेबाबाईनं वर पाहिलं नाही. "द्या त्याले," ती म्हणाली.

भागाबाईंनी कपाट उघडून तिची पिशवी तिच्याच हातात दिली. तिनं ती नवऱ्याला दिली. लोक पांगले. भागाबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत, असं नंतर आबांची बायको सांगायची.

वनाही काही वाईट माणूस नव्हता. त्याचा एक बैल मेला होता आणि एका बैलावर गाडी चालत नाही. वाळे मोडून त्यानं दुसरा बैल घेतला, जिनातलं काम टिकलं. बेबाबाईनंही तसंच सांगितलं, बैल आला हे बरं झालं. पण महिन्यानं ती परत भागाबाईंकडे आली. या वेळी तिच्याजवळ बारा आणेच होते. भागाबाईंनी नवी पिशवी शिवली.

१९३७ मध्ये त्यांना बढतीचा हुकूम आला. रावेरच्या मुलींच्या शाळेवर मुख्याध्यापिका म्हणून जायचं होतं आणि पगारात महिना बारा रुपये वाढ होती. अशी जागा बायकांना फार क्वचित मिळायची. नशिराबादहून वडिलांनी आनंदानं पत्र पाठवलं. शाळेतल्या बाकीच्या बायकांनी पेढे मागितले.

भागाबाईंनी आधी पिशव्यांचं बघायचं ठरवलं. अकराही जणींना निरोप धाडला की आठ दिवसांत आपापली वस्तू घेऊन जा. सहा जणी आल्या आणि घेऊन गेल्या. पाच जणी आल्या, बसल्या, आणि तशाच परत गेल्या. त्यांना दुसरी जागा नव्हती. नूरबी म्हणाली की कागद घरी दिसला तर मिस्त्री सोडून बाकीचे दीर जमिनीच्या हिश्श्यावरून भांडतील. भागाबाईंनी सुचवलं की पिशव्या बरोबर रावेरला नेते, लागतील तेव्हा कळवा. त्यावर ठगूअक्का बोलली.

"तू लुगडं रावेरले लई जाशी आणि मी आठे मरसू. मंग?"

तीन दिवसांनी भागाबाईंनी बढती नको असल्याचा अर्ज पाठवला. कारणाच्या जागी 'घरगुती अडचण' लिहिलं. पंधरा दिवसांनी शाळा तपासायला खात्याचे साहेब आले तेव्हा त्यांनी ऑफिसात बोलावून विचारलं. साहेब तरुण वयाचे, सभ्य होते.

"बाई, तुमच्या घरी कोण आहे?"

"कोणी नाही."

"मग घरगुती अडचण कसली?"

"एक कपाट आहे," भागाबाई म्हणाल्या. "ते हलवता येत नाही."

साहेबांना वाटलं बाई थट्टा करतायत. मग त्यांच्या लक्षात आलं की तसं नाही. ते म्हणाले, "हे मी वर लिहू शकत नाही." त्यांनी 'प्रकृतीचं कारण' असं लिहून घेतलं. भागाबाईंची प्रकृती उत्तम होती.

गावात बातमी पसरली ती अशी की बाईंनी कपाटासाठी हेडमास्तरीणपद सोडलं. नासीर मिस्त्रींना फार वाईट वाटलं. ते मुद्दाम भेटायला आले.

"चूक माझी झाली, बाई. मी एकशेवीस सांगितले. आता महिना बारा रुपये, पेन्शनपर्यंत आठ वर्षं. हजाराच्या वर गेलं हे कपाट. आधी कळलं असतं तर मी नाहीच म्हटलं असतं."

भागाबाई हसल्या. मग त्यांनी जे सांगितलं ते मिस्त्री पुढे पुष्कळ वर्षं, बाईंबद्दल विषय निघाला की सांगायचे.

"म्हातारीच्या लुगड्याचं कारण खरंच आहे, मिस्त्री. पण तुम्हाला म्हणून सांगते. ते नसतं तरी मी गेले नसते. सकाळी उठलं की समोर ती भिंत दिसते. मला आता दुसऱ्या कोणाच्या भिंतीकडे बघत उठायचं नाही."

"ही तरी कुठे तुमची आहे?"

"नाही," त्या म्हणाल्या. "पण सवय झालीय."

पुढच्या वर्षी त्यांची बदली धरणगावपासून तीन मैलांवरच्या एका खेड्यात झाली. बढती नाकारल्याची शिक्षा म्हणून झाली की नुसती पाळी आली म्हणून, हे कोणाला सांगता आलं नाही. भागाबाईंनीही विचारलं नाही. त्या खेड्यात राहायला गेल्या नाहीत. सकाळी चालत जायच्या, संध्याकाळी चालत यायच्या. पावसाळ्यात नाल्याला पाणी आलं की बैलगाडीची वाट बघायची. काळ्या मातीत पाय घोट्यापर्यंत रुतायचा. सात वर्षं असं केल्यावर डावा गुडघा कायमचा सुजला.

१९४० मध्ये, मृगाच्या सुरुवातीला, ठगूअक्का वारली. मयताच्या घरची सून भागाबाईंकडे आली ती रागानंच. म्हातारीनं शेवटी कोणाला तरी लुगड्याचं सांगून ठेवलं होतं. भागाबाईंनी पिशवी काढून दिली. लुगडं तसंच कोरं होतं, कडुनिंबाचा पाला मध्ये घातलेला. सुनेनं ते हातात घेतलं, घडी उलगडली, आणि तिला रडू आलं. रडत रडत ती म्हणाली की आम्ही काय खाऊन टाकलं असतं का हे, लोकांच्या घरात ठेवायची काय गरज होती. भागाबाईंनी तिला पाणी दिलं. त्या सुनेचं अगदीच चूक होतं असं त्यांना वाटलं नाही.

त्याच सुमारास वडील गेले. नशिराबादच्या घरात भावाचा संसार होता. भाऊ म्हणाला, आता नोकरी संपली की इकडेच ये. भागाबाई धरणगावला परत आल्या.

धनसिंगआबा १९४३ मध्ये गेले. घर लोटनकडे आलं. लढाईमुळे सगळंच महाग झालं होतं; साग वखारीत बघायलाही मिळत नव्हता, होता तेवढा सरकार उचलत होतं. लोटननं भाडं तीनाचं सात केलं. भागाबाईंनी दिलं. १९४५ मध्ये त्या निवृत्त झाल्या आणि पेन्शन बसलं ते अठरा रुपये. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या असत्या तर चोवीसच्या आसपास बसलं असतं. पुन्हा पोलकी शिवायला घेतल्याशिवाय भागणार नव्हतं. मशीन खोलीत होतंच. पोलक्याला आता दहा आणे मिळत होते.

दुसऱ्या वर्षी लोटन एक दिवस आला आणि उभ्याउभ्याच म्हणाला, "बाई, आम्हाला मागचा भाग लागणार आहे. पुढच्या दोन खोल्यांतली एक तुम्ही घ्या. भाडं तेच ठेवतो."

"ही खोली कशाला हवी?"

"बायकोला कपाट हवंय. तिच्या माहेरी आहे तसं. नवं करायला गेलो तर नासीर मिस्त्री साडेचारशे सांगतात. एवढ्यात म्हैस येते."

भागाबाईंनी नाही म्हटलं. घर त्याचं होतं, भिंतही त्याची होती, हे त्यांना ठाऊक होतं, आणि आबांजवळ कबूल केलेलं त्या विसरल्याही नव्हत्या. पण घर सोडलं तर ते कबूल केलं होतं, आणि त्या घर सोडत नव्हत्या. असं त्यांनी लोटनला सांगितलं. लोटन चिडला. वर्षभर त्यानं त्यांच्याशी बोलणं सोडलं. अंगणातल्या आडाच्या झाकणाला कुलूप लावलं, ते त्याच्या आईनं दुसऱ्या दिवशी काढायला लावलं. पंचांपुढे बोलणी झाली. पंचांनी भागाबाईंचं वय पाहून लोटनला दमानं घ्यायला सांगितलं. तेवढ्यापुरतं प्रकरण थांबलं, मिटलं मात्र नाही.

ते मिटलं वेगळ्याच कारणानं. जळगावला लोटनच्या सासऱ्याचं कापडाचं दुकान होतं, तिथे त्याला बसायला बोलावलं. १९४७ च्या उन्हाळ्यात तो बायको-मुलं आणि आईला घेऊन तिकडे गेला आणि पुढचा भाग पोस्टमास्तरांना भाड्यानं देऊन गेला. जाताना त्याची बायको भागाबाईंच्या पाया पडली. लोटन गाडीजवळच उभा राहिला. मागची खोली, कपाट आणि तिसऱ्या खणातल्या उरलेल्या पिशव्या भागाबाईंकडेच राहिल्या.

पोस्टमास्तरांची बायको वऱ्हाडातली, वीस-बावीस वर्षांची, गावात नवी होती. दुपारी करमायचं नाही म्हणून ती मागे येऊन बसायची. भागाबाईंनी तिला शिवण शिकवायला घेतलं. पहिलं पोलकं तिनं बाहीला इतकं तंग शिवलं की सगळं उसवावं लागलं. दुसरं बरं जमलं.